दगडाची उशी : रेव्ह. नारायण शेषाद्रि ह्यांचें चरित्र

जून महिना उजाडला म्हणजे शाळेच्या कचेरीसमोर पालकांची रांग लागते. कोणी फी भरावयास येतो, तर कोणी ती भरण्यास आणखी महिनाभर मुदत मागावयास येतो. ह्या दुसऱ्या प्रकारच्या पालकांचे चेहरे आम्ही वर्षानुवर्षें पाहत आलों आहों. आणि खरें सांगावयाचें तर त्यांच्यामागें उभ्या असलेल्या मुलांचे चेहरे आम्हांस अधिक पाहवत नाहींत. बाप हात जोडून बोलत असतो व मुलगा भिंतीकडे तोंड करून उभा असतो. आमच्या जालना जिल्ह्यांत पाऊस एक वर्ष येतो व दोन वर्षें दडी मारतो. कापूस पिकला तर भाव पडतो, भाव चढला तर कापूस पिकलेला नसतो. अशा घरांतील मुलाच्या मनांत ह्या रांगेंत उभें राहून काय चालत असेल, ह्याचा विचार करीत असतांना आम्हांस एका थोर पुरुषाची आठवण झाली. त्यांची कर्मभूमि आपल्या जालन्यापासून हाकेच्या अंतरावर होती. पण आपल्या मुलांपैकीं पुष्कळांस त्यांचें नांवही ठाऊक नाहीं. म्हणून यंदाच्या अंकांत त्यांचें चरित्र थोडक्यांत देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

पैशाची चणचण माणसाच्या दोन गोष्टींची परीक्षा पाहते. पहिली देवावरील विश्वासाची व दुसरी नम्रतेची. विश्वास सुटला म्हणजे माणूस कडवट होतो, हें सर्वांस कळतें. नम्रतेविषयीं मात्र पुष्कळांची फसगत होते. कारण लाचारी आणि नम्रता ह्या दोघी बहिणी एकाच तोंडवळ्याच्या दिसतात. दोघीही मान खालीं घालतात, दोघीही हळू बोलतात. परंतु लाचारी स्वतःसाठीं वांकते आणि नम्रता दुसऱ्यासाठीं वांकते. हा भेद नारायण शेषाद्रींच्या आयुष्यांत जितका स्पष्ट दिसतो तितका तो व्याख्यानांनीं समजावून देतां येणार नाहीं.

नारायण शेषाद्रि हे ब्राह्मण कुळांत जन्मले. मुंबईस स्कॉटलंडच्या मिशनाची जी इंग्रजी शाळा होती, तींत त्यांचें शिक्षण झालें. ही शाळा डॉ. जॉन विल्सन ह्यांनीं १८३२ सालीं काढली व तिचेंच पुढें विल्सन कॉलेज झालें. ह्या शाळेंत रॉबर्ट नेस्बिट ह्यांच्यासारखे मराठीचे चांगले जाणते गुरु होते. १८३९ सालीं ह्याच शाळेंतील दोन पारशी तरुणांनीं ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तेव्हां शहरांत मोठी खळबळ उडाली आणि पालकांनीं आपलीं मुलें भराभर काढून नेलीं. त्यामुळें ह्या शाळेच्या छायेंत राहून ख्रिस्ताकडे वळणें म्हणजे काय, हें नारायणास पूर्ण माहीत होतें.

त्यांचा बाप्तिस्मा झाला तो १८४३ च्या सप्टेंबर महिन्यांत. हें साल वाचकांनीं नीट ध्यानांत धरावें, कारण त्यांतच ह्या चरित्राचें एक मर्म आहे. त्याच वर्षीं मे महिन्याच्या १८ तारखेस स्कॉटलंडच्या राजमान्य मंडळींत मोठी फूट पडली. मंडळीवर पाळक नेमतांना जमीनदाराची इच्छा चालावी कीं मंडळीची, ह्या प्रश्नावरून साडेचारशेंहून अधिक पाळक आपलें वेतन व राहतीं घरें सोडून बाहेर पडले आणि त्यांनीं स्वतंत्र मंडळी स्थापिली. हिंदुस्थानांतील स्कॉच मिशनऱ्यांनींही त्यांचीच बाजू घेतली. परिणाम असा झाला, कीं मुंबईंत शाळेसाठीं उभारलेली इमारत व तिजबरोबरची सामग्री जुन्या मंडळीकडे राहिली, आणि गुरु व शिष्य ह्यांस दुसरीकडे जागा शोधावी लागली. डॉ. विल्सन त्या वेळीं विलायतेस गेलेले होते. मागें राहिलेल्यांच्या गांठीं उद्यांच्या खर्चाची खात्रीही नव्हती.

पैशाच्या लोभानें लोक ख्रिस्ती होतात, असा आरोप त्या काळीं सर्रास केला जाई व कांहीं ठिकाणीं तो खराही असेल. परंतु नारायण शेषाद्रि ज्या घरांत शिरले तें घर त्याच सुमारास आपलें छप्पर गमावून बसलें होतें. श्रीमंताच्या पंगतीस पाहुणे पुष्कळ मिळतात. ज्याची चूल नुकतीच विझली त्याच्या दारीं जो जाऊन उभा राहतो त्याचा हेतु निराळा असला पाहिजे, एवढें तरी प्रतिपक्षानेंही मान्य करावें.

त्यांचें स्वतःचें घर तर त्या दिवशींच तुटलें. आणि तें एकाच परीनें तुटलें नाहीं. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत हा तेव्हां बारा वर्षांच्या आंतबाहेरचा होता. तोही थोरल्या भावाच्या मागोमाग मिशनऱ्यांकडे राहावयास गेला. वडिलांनीं मुंबईच्या सुप्रीम कोर्टांत दाद मागितली व कोर्टानें मूल अज्ञान म्हणून त्यास बापाच्या स्वाधीन केलें. पण मुलगा परत आला तरी प्रश्न सुटला नाहीं. तो मिशनऱ्यांच्या घरीं राहिला व जेवला होता. त्यास पुन्हा जातींत घ्यावें कीं नाहीं, ह्यावरून मुंबई व पुण्याकडील ब्राह्मणांत तट पडले. ‘दर्पण’ पत्राचे पूर्वींचे संपादक बाळशास्त्री जांभेकर ह्यांनीं प्रायश्चित्त देऊन त्या पोरास परत घ्यावें म्हणून पुढाकार घेतला आणि त्यासाठीं स्वकीयांचा रोषही सोसला. श्रीपतप्रकरण म्हणून ही हकीकत मराठी इतिहासांत प्रसिद्ध आहे.

ह्या प्रकरणाविषयीं लिहितांना आमच्या सारख्यांनीं एका पक्षाचा जयजयकार करूं नये असें आम्हांस वाटतें. एका बापाचे दोन मुलगे एकाच वर्षीं हातचे गेले. एक कायद्यानें परत मिळाला तरी त्याच्या जेवणाच्या पानाचा तंटा होऊन बसला. त्या बापाचें दुःख खरें होतें. बाळशास्त्र्यांची दया खरी होती. आणि ज्या थोरल्या भावास धाकट्याचें काय झालें हें दुरून पाहावें लागलें, त्याचें दुःखही खरें होतें. नारायण शेषाद्रींनीं आईबाप, भाऊ, जात, वारसा इतकी किंमत आपल्या विश्वासासाठीं मोजली. परंतु जें मोजलें त्याचा हिशेब देवापुढें मांडून बदल्यांत सुख मागावें, असें त्यांनीं केलें नाहीं. विश्वासाची ही पहिली खूण आहे.

पुढील कांहीं वर्षें त्यांनीं मिशनाच्या शाळेंत शिकविण्याचें व उपदेशाचें काम केलें आणि १८५४ सालीं त्यांस पाळकाची दीक्षा मिळाली. त्या काळीं चांगलें इंग्रजी जाणणारे एतद्देशीय लोक थोडे होते व सरकारी कचेऱ्यांत त्यांस मान व पगार दोन्ही मिळत. मुंबई शहर दिवसेंदिवस वाढत होतें. शेषाद्रींसारखा विद्वान व वक्ता पुरुष तेथें सुखानें राहूं शकला असता. असें असतां १८६३ च्या सुमारास त्यांनीं आपलें काम जालन्यास नेलें.

आजच्या मुलांस जालना म्हणजे १९८१ सालीं झालेला स्वतंत्र जिल्हा, बियाण्यांचे व लोखंडी सळयांचे कारखाने, मोसंबीच्या बागा हें माहीत आहे. शेषाद्रींचें जालना निराळें होतें. कुंडलिका नदीकाठचा हा गांव निजामाच्या राज्यांत होता. जवळच हैदराबादच्या पलटणींची छावणी होती. आगगाडी येथें पोहोंचली ती एकोणिसावें शतक सरतासरतां. तोंवर माल व माणसें बैलगाडीनेंच जात. अमेरिकेंत १८६१ पासून यादवी युद्ध चाललें असल्यामुळें तिकडचा कापूस विलायतेस जाईना, म्हणून आपल्या इकडील कापसास एकाएकीं सोन्याचा भाव आला. आणि १८६५ सालीं तें युद्ध संपतांच तो भाव कोसळला. जगाच्या एका टोकास बंदूक उडावी आणि दुसऱ्या टोकास शेतकऱ्याच्या घरांत आधीं दिवाळी व मग शिमगा व्हावा, हा अनुभव आपल्या भागास तेव्हांपासून आहे.

ह्या धामधुमींत ज्यांच्याकडे भाव चढला तरी कोणी पाहिलें नाहीं व पडला तरी कोणी पाहिलें नाहीं, अशा लोकांत शेषाद्रि जाऊन बसले. हे लोक म्हणजे मुख्यतः त्या काळीं अस्पृश्य मानलेले मांग व महार. ब्राह्मण कुळांत जन्मलेल्या, इंग्रजींत पंडित असलेल्या माणसानें त्यांच्या वस्तींत जावें, त्यांच्यापाशीं बसावें, त्यांस भाऊ म्हणावें, ही गोष्ट आज वाचावयास सोपी वाटते. त्या दिवसांत विहिरीचें पाणी व सावलीसुद्धां वाटून दिलेली होती, हें ध्यानांत आणलें म्हणजे तिचें मोल कळतें.

परंतु ह्या लोकांनीं ख्रिस्ती धर्म स्वीकारला म्हणजे एक नवीनच अडचण उभी राही, व ती पोटाची. गांवगाड्यांत महार, मांग, सुतार, लोहार इत्यादिकांनीं गांवाचीं ठरलेलीं कामें करावीं व त्याबद्दल सुगीच्या वेळीं शेतकऱ्यानें त्यांस धान्याचा वांटा द्यावा, अशी बलुत्याची पद्धत होती. ह्या कामांपैकीं कांहीं गांवच्या देवदेवतांच्या उत्सवांशीं बांधलेलीं असत. ख्रिस्ती झालेल्या माणसास तीं करवत नसत. आणि काम सुटलें म्हणजे बलुतेंही सुटण्याचा प्रसंग येई. ज्याच्यापाशीं आधींच जमिनीचा तुकडा नाहीं, त्याचें धान्यही बंद झालें तर त्यानें जावें कोठें? नुसता उपदेश करून घरीं परतणाऱ्यास हा प्रश्न टाळतां येतो. शेषाद्रींनीं तो टाळला नाहीं. ज्यांस आपण विश्वासाकडे बोलाविलें त्यांच्या भाकरीची काळजीही आपण वाहिली पाहिजे, असें त्यांनीं मानलें.

त्या वेळीं हैदराबादचे दिवाण सर सालारजंग हे होते. १८५३ पासून १८८३ पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, त्यांनीं तें पद सांभाळिलें व राज्याची विसकटलेली घडी बसविली. शेषाद्रींनीं आपल्या लोकांसाठीं त्यांच्याकडे जमीन मागितली. मुसलमान राज्याचा मुसलमान दिवाण, मागणारा ब्राह्मण कुळांतील ख्रिस्ती पाळक, आणि ज्यांच्यासाठीं मागावयाचें ते मांग व महार! दिवाणांनीं जालन्यापासून सुमारें तीन मैलांवर ८०० एकरांच्या आसपास जमीन दिली व पंचवीस वर्षें तिचा सारा माफ केला. दात्याच्या औदार्याबद्दल आम्हांस जितका आदर वाटतो तितकाच, धर्माधर्मांतील अंतर मध्यें येऊं न देतां मोकळेपणानें मागणाऱ्याबद्दलही वाटतो.

ह्या जागीं जें गांव वसलें त्याचें नांव बेथेल. इब्री भाषेंत ह्याचा अर्थ देवाचें घर. पवित्र शास्त्राच्या पहिल्या पुस्तकांत याकोबाची कथा आहे. तो बापाच्या घरून पळून निघाला, तेव्हां त्याच्यापाशीं हातांतल्या काठीवांचून कांहीं नव्हतें. रात्र पडली तशी तो उघड्या माळावर एक दगड उशाला घेऊन निजला. आणि त्याच रात्रीं स्वर्गापर्यंत पोहोंचलेली शिडी त्यास स्वप्नांत दिसली. जागा झाल्यावर त्यानें त्या ओसाड जागेस बेथेल म्हटलें. शेषाद्रींस हें नांव कां आवडलें असेल, हें सांगावयास नको. जालन्याजवळच्या माळावर दगडांस तोटा नव्हता, आणि तेथें येऊन राहणारीं माणसेंही याकोबासारखींच हातांत काठी घेऊन निघालेलीं होतीं.

जमीन फुकट मिळाली म्हणजे सर्व मिळालें, असें शहरांतल्या माणसास वाटतें. शेतकऱ्याचीं मुलें तसें म्हणणार नाहींत. माळ फोडावयास बैल पाहिजेत, बैलांस वैरण पाहिजे. आपल्या भागांत मातीखालीं काळा खडक लागतो. तो फोडून विहीर खणावयाची तर महिनेच्या महिने मजुरी मोजावी लागते. विहिरीस पाणी लागलें तरी मोट व नाडा लागतो. पहिलें पीक हातीं येईपर्यंत घरांत दाणे पाहिजेत. मग राहण्यास घरें, मुलांस शाळा व उपासनेस मंदिर हें निराळेंच. सारांश, साऱ्याची माफी होती, पण खर्चाची नव्हती. आणि शेषाद्रींपाशीं स्वतःचें द्रव्य नव्हतें.

तेव्हां त्यांनीं झोळी हातांत घेतली. १८७३ सालीं न्यूयॉर्क येथें निरनिराळ्या देशांतील ख्रिस्ती पुढाऱ्यांची एक मोठी परिषद भरली होती. तीस ते हिंदुस्थानांतून गेले. डोक्यास पागोटें व अंगांत देशी पेहराव अशा वेषांतच ते व्यासपीठावर उभे राहिले. साहेबी कपडे चढवून आपण तुमच्यापैकींच आहों असें दाखविण्याची त्यांस गरज वाटली नाहीं. अमेरिकेंत व स्कॉटलंडांत त्यांनीं आपल्या कामाची हकीकत सांगितली व त्यासाठीं साह्य मागितलें.

येथें वाचकांनीं क्षणभर थांबावें. आपल्याकडे ब्राह्मणाच्या मुलानें विद्येसाठीं माधुकरी मागणें हें कमीपणाचें मानीत नसत. पण ती माधुकरी स्वतःच्या पोटापुरती असे. शेषाद्रींनीं समुद्र ओलांडून जी माधुकरी मागितली ती मांगामहारांच्या विहिरींसाठीं व त्यांच्या मुलांच्या पाटीपेन्सिलीसाठीं. जो स्वतःसाठीं मागतो त्याचा आवाज कांपतो, कारण त्याच्या मनांत नकाराचें भय असतें. जो दुसऱ्यासाठीं मागतो त्यास नकार मिळाला तरी त्याचा मान जात नाहीं. लाचारी व नम्रता ह्यांतील जो भेद आम्हीं वर सांगितला, तो हाच. मागण्यानें मनुष्य लहान होत नाहीं. मिळालेलें दडवून ठेवण्यानें व मिळालें नाहीं म्हणून देणाऱ्याची निंदा करण्यानें तो लहान होतो.

त्यांच्या कामावर टीका झाली नाहीं असें नव्हे. ख्रिस्ती लोकांचें गांव वेगळें वसवावें कीं त्यांनीं आपापल्या गांवींच शेजाऱ्यांत राहावें, ह्याविषयीं त्या काळच्या मिशनऱ्यांतच मतभेद होते. वेगळ्या गांवांत माणूस छळापासून वांचतो खरा. पण शेजाऱ्यापासून तुटतो, आणि मिशनच्या हाताकडे पाहण्याची त्यास संवय लागते. परदेशच्या पैशावर उभारलेलें काम तो पैसा आटला म्हणजे कसें टिकावें, हा प्रश्नही खोटा नव्हता. आम्हांस वाटतें कीं ह्या टीकेंत तथ्य आहे. थोर माणसाची प्रत्येक योजना निर्दोष होती असें म्हणणें ही भक्ति नव्हे. परंतु ज्याच्या दारांत बलुतें तुटलेला मनुष्य मुलेंबाळें घेऊन उभा आहे, त्यास आदर्श योजना सुचेपर्यंत थांबतां येत नाहीं. शेषाद्रींस जें त्या दिवशीं करतां आलें तें त्यांनीं केलें.

पुढें १८७६ ते १८७८ ह्या वर्षांत दक्षिणेंत फार मोठा दुष्काळ पडला. मद्रास, म्हैसूर, मुंबई इलाखा व निजामाचें राज्य ह्या सर्व मुलखांस त्याची झळ पोहोंचली व लक्षावधि माणसें मेलीं. ज्यांच्या हातीं गरिबांचें काम होतें त्यांच्या विश्वासाची अशा वर्षांत दुहेरी परीक्षा होई. कारण भूक वाढे, पण हातचें द्रव्य वाढत नसे. शेषाद्रि ह्या काळांतून गेले व त्यानंतरही आपल्या कामास चिकटून राहिले.

म्हातारपणींही त्यांची वाटचाल थांबली नाहीं. दूरच्या देशांचा असाच प्रवास करीत असतां १८९१ सालीं समुद्रावरच त्यांचा अंत झाला. ज्यानें शेंकडों एकर जमीन मिळवून दुसऱ्यांच्या हवालीं केली, त्याचा शेवटचा श्वास जमिनीवर गेला नाहीं. घर सोडून निघालेल्या याकोबास माळावर दगडाची उशी तरी मिळाली; बेथेल वसविणाऱ्यास तीही मिळाली नाहीं. आम्हांस ह्यांत विषाद वाटत नाहीं. ज्याचें घर देवापाशीं आहे त्यानें वाटेंत कोठें डोकें टेंकलें, ह्यास फारसें महत्त्व नाहीं.

बालमित्रांनो, आतां पुन्हां त्या रांगेकडे वळूं या. तुमच्या वडिलांनीं फीसाठीं मुदत मागितली तर तुम्ही भिंतीकडे तोंड फिरवूं नका. ते स्वतःसाठीं मागत नाहींत. त्यांच्या अंगांतला सदरा दोन वर्षांचा जुना असेल; तुमचा मात्र ह्या वर्षींचा असतो, हें तुम्हीं पाहिलें आहे काय? जो बाप मुलाच्या पुस्तकासाठीं मान लववितो तो शेषाद्रींच्याच पंगतीचा आहे. अशा वेळीं त्याच्या शेजारीं सरळ उभें राहणें हें तुमचें काम आहे. आणि ज्यांची फी पहिल्याच दिवशीं भरली जाते त्यांनीं इतकेंच ध्यानांत ठेवावें, कीं तें त्यांचें कर्तृत्व नव्हे. वर्गांतील ज्या सोबत्याजवळ पुस्तक नाहीं त्याच्या बाकावर सरकून बसावें व पुस्तक मध्यें ठेवावें. त्याचा गाजावाजा करूं नये.

पालकांस आमची एक विनंति आहे. चणचणीच्या वर्षीं मुलास शाळेंतून काढण्यापूर्वीं एकवार शाळेंत येऊन बोलावें. लग्नकार्यांत चार लोकांस दाखविण्यासाठीं आपण सावकाराचें कर्ज निःसंकोच काढतों, पण मुलाच्या शिक्षणासाठीं सवलत मागावयास संकोचतों. हा संकोच नम्रतेचा नसून अभिमानाचा आहे. आणि आम्हां शिक्षकांसही ह्या चरित्रांत धडा आहे : मागणाऱ्याशीं आपण कसे बोलतों, ह्यावर आपल्या विश्वासाची किंमत ठरते.

जालन्याच्या माळावर दगड आजही आहेत. उन्हाळ्यांत तिकडे पाहिलें तर तेथें कधीं कांहीं पिकेल असें वाटत नाहीं. अशाच माळास एका द्रव्यहीन माणसानें देवाचें घर हें नांव दिलें होतें. ज्यांच्या घरांत यंदा ओढ आहे त्यांसही त्यांच्या दगडाच्या उशीवर तशीच शिडी दिसो, अशी आम्ही प्रभूजवळ प्रार्थना करितों.